आंबिलीतला जीवाणू पोटात घालण्याआधी

प्रोबायोटिक, म्हणजे फायद्यासाठी जिवंत खायचे जीवाणू, म्हटलं की लोक आधी विचारतात, ‘याचा फायदा काय?’ माझं काम त्याच्या एक पायरी अलीकडे सुरू होतं. हा जीवाणू करोडोंच्या संख्येनं, रोज, जिवंत पोटात गेला तर अपाय होणार नाही हे कशावरून? पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत ज्वारीच्या आंबिलीच्या पिठातून वेगळ्या केलेल्या एका जीवाणूसाठी हाच प्रश्न मी सध्या धसास लावते आहे. हे काम कसं चालतं, कुठे अडतं, निर्णय कशावर होतात हे बाहेर फारसं बोललं जात नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

पीठ मंगळवेढा भागातलं. तिथली ज्वारी प्रसिद्धच आहे आणि उन्हाळ्यात आंबील घरोघरी होते. ज्वारीचं पीठ ताकात किंवा नुसत्या पाण्यात कालवून रात्रभर ठेवतात. सकाळी ते आंबुसलेलं असतं, वर बारीक बुडबुडे आलेले असतात. आम्ही वेगवेगळ्या घरांतून हे आंबलेलं पीठ निर्जंतुक बाटल्यांत भरून आणलं, एमआरएस आगरवर (हे जीवाणू वाढवायच्या माध्यमावर) पसरवलं आणि उगवलेल्या वसाहतींतून, म्हणजे जीवाणूंच्या ठिपक्यांतून, वेगवेगळ्या दिसणाऱ्या निवडून शुद्ध केल्या. इथवर काम सोपं असतं. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू आंबलेल्या धान्यात भरपूर सापडतात.

प्रकल्पाच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं, ‘हे जीवाणू पारंपरिक अन्नातून पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले जात आहेत.’ सुरक्षिततेच्या कागदपत्रांत या वाक्याला फार किंमत असते. एखाद्या जीवाणूचा अन्नातला दीर्घ वापर दाखवता आला की पुढच्या कितीतरी चाचण्या हलक्या होतात. आमच्या सरांनी ते वाक्य अधोरेखित करून शेजारी लिहिलं, ‘जिवंत?’ मी नमुने दिलेल्या एका आजींना फोन लावला. म्हटलं, आजी, आंबलेलं पीठ तसंच पिता का कधी? त्या म्हणाल्या, “अगं पोरी, कढ आल्याबिगर आंबील व्हतीया व्हय? कच्चं पीठ कोण पितंय?”

म्हणजे पीठ रात्रभर आंबतं, सकाळी ते उकळत्या पाण्यात सोडून शिजवतात, मग लसूण-जिरं-मीठ आणि वरून ताक. पिठातले जीवाणू त्या कढात मरतात. त्या घरांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जे पीत आली ते मेलेले जीवाणू आणि त्यांनी तयार केलेलं आम्ल. वाटीत जिवंत काही असलंच तर ते वरून घातलेल्या ताकातलं. आमचा जीवाणू जिवंत खाल्ल्याचा पुरावा त्या आंबिलीत नव्हता. ते वाक्य काढलं. मला वाटतं पारंपरिक अन्नावर काम करणाऱ्या प्रत्येकानं हे एकदा तपासावं. पदार्थ कुठला यापेक्षा तो कसा शिजतो आणि कधी खातात, यावर सगळं ठरतं. शिवाय मात्रेचा प्रश्न राहतोच. भारतात 2016 च्या नियमांनुसार प्रोबायोटिक म्हणून विकायच्या पदार्थात दर दिवसाच्या मात्रेमागे किमान 10 कोटी जिवंत जीवाणू लागतात, आणि तेही निवडलेल्या स्ट्रेनचे, म्हणजे प्रजातीतल्या विशिष्ट वाणाचे. घरच्या ताकात एकाच स्ट्रेनची अशी रोजची ठरलेली रतीब कुठेच नसते.

मग कामाला आधार कशाचा? अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांची 2001 मध्ये अर्जेंटिनातल्या कॉर्दोबा इथे बैठक झाली, 2002 मध्ये कॅनडातल्या लंडन, ओंटारियो इथे त्यावरून मार्गदर्शक तत्त्वं लिहिली गेली. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि जैवतंत्रज्ञान विभागानं 2011 मध्ये त्याच धर्तीवर स्वतःची मार्गदर्शिका काढली. या सगळ्यांत एक गोष्ट पक्की आहे, की तपासणी स्ट्रेनची होते. एकाच प्रजातीचे दोन स्ट्रेन नावानं सख्खे भाऊ असतात, पण एकाकडे प्रतिजैविकांना दाद न देण्याचं जनुक असू शकतं आणि दुसऱ्याकडे नसतं.

म्हणून पहिली पायरी ओळख पटवण्याची. हे लोकांना कारकुनी काम वाटतं, मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आमच्या निवडलेल्या वसाहतीचं 16एस जनुक (जीवाणू ओळखायला नेहमी हेच वाचतात) वाचलं तेव्हा उत्तर आलं ‘प्लँटॅरम’, पण त्याच दमात ‘पेंटोसस’ आणि ‘पॅराप्लँटॅरम’ही आलं. या तीन भावंडांत 16एस जवळजवळ सारखं असतं, त्यावरून निवाडा होत नाही. त्यासाठी रेकए या जनुकावर आधारलेली पीसीआर करतात, म्हणजे डीएनएचा नेमका तुकडा वाढवून त्याची पट्टी कुठे येते ते पाहतात. पट्टी प्लँटॅरमच्या जागी आली. पुढे पूर्ण जिनोम वाचून घेतला. प्रजातीच्या प्रमाणभूत स्ट्रेनशी सरासरी साम्य 95-96 टक्क्यांच्या वर असावं लागतं, ते भरलं. त्यात 2020 मध्ये लॅक्टोबॅसिलस या अवाढव्य वंशाची फोड होऊन 23 नवे वंश निघाले. त्यामुळे जुन्या कागदांत ‘लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम’ आणि नव्यांत ‘लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटॅरम’ अशी दोन्ही नावं शेजारी शेजारी लिहावी लागली. स्ट्रेन पुण्यातल्याच राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रहात जमा केला, क्रमांक मिळाला. उद्या कोणाला शंका आली तर नेमका हाच जीवाणू तिथून मागवून तपासता येईल.

ओळख पटवताना एक उमेदवार गळाला, त्याबद्दल जरा थांबून लिहायला हवं. पोटातल्या आम्लात आणि पित्तात कोण टिकतं ही चाचणी आम्ही आधीच घेतली होती. त्यात सगळ्यांना मागे टाकणारी एक वसाहत होती. पीएच 3 च्या द्रावणात काही तास ठेवूनही तिची संख्या फारशी घटत नव्हती, 0.3 टक्के पित्तातही ती मजेत वाढत होती. ज्या विद्यार्थ्यानं ती वेगळी केली होती तो खुशीत होता, आणि ते साहजिक होतं. जनुक वाचलं तेव्हा ती निघाली एन्टेरोकॉकस फीशियम.

एन्टेरोकॉकस आंबलेल्या अन्नात, चीजमध्ये, आपल्या आतड्यात नेहमी असतो. त्याचे काही स्ट्रेन जगात प्रोबायोटिक म्हणून विकलेही जातात. पण हाच वंश रुग्णालयांतल्या अवघड संसर्गांचं मोठं कारण आहे. 1988 मध्ये व्हँकोमायसिन या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या एन्टेरोकॉकसची पहिली वृत्तं आली. ज्या जनुकांमुळे हे घडतं ती बहुधा उड्या मारणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर बसलेली असतात आणि एका जीवाणूतून दुसऱ्यात जातात. युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं 2007 पासून ‘सुरक्षित मानायला हरकत नाही’ अशा प्रजातींची यादी ठेवली आहे. प्लँटॅरम त्या यादीत आहे, एन्टेरोकॉकस नाही. फीशियमसाठी त्यांनी वेगळी चाळणी सांगितली आहे. अँपिसिलिन या प्रतिजैविकाला तो 2 मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आत दबला पाहिजे आणि रुग्णालयातल्या स्ट्रेनमध्ये आढळणाऱ्या तीन खुणा त्याच्यात नसाव्यात.

आमचा स्ट्रेन ही चाळणी पार झाला. तरीही आम्ही तो सोडला. विद्यार्थ्यानं विचारलं, “मॅडम, चाचणी पास झालाय, मग का सोडायचा?” मी त्याला सांगितलं की आपण आज त्याच्यात काय आहे ते तपासलं. आतड्यात गेल्यावर तो शेजाऱ्यांकडून काय उचलेल हे तपासता येत नाही, आणि हा वंश उचलण्यात पटाईत आहे. शिवाय जो जीवाणू पोटात सगळ्यात चिवट आहे तो चुकीच्या जागी पोचला तर तिथेही चिवटच राहणार. फायद्याच्या चाचणीतले गुण धोक्याच्या चाचणीत कसे वाचायचे, हे मला त्या दिवसांत नीट उमगलं. दुसऱ्या एखाद्या गटानं हाच स्ट्रेन पुढे नेला असता, आणि त्यांना कोणी नियमबाह्य म्हणू शकलं नसतं. निवाडा आमचा होता आणि मला तो आजही बरोबर वाटतो.

आता प्लँटॅरमकडे. प्रतिजैविकांच्या तपासणीत पहिल्याच प्लेटवर नवशिक्याला धक्का बसतो. दुधाळ वाढीनं भरलेल्या आगरवर औषधांच्या चकत्या ठेवलेल्या असतात. अँपिसिलिनभोवती स्वच्छ मोकळं वर्तुळ, एरिथ्रोमायसिनभोवतीही तसंच. व्हँकोमायसिनच्या चकतीला मात्र जीवाणू अगदी कडेपर्यंत चिकटून वाढलेला असतो, नखाएवढीही जागा मोकळी नसते. एन्टेरोकॉकसच्या प्रकरणानंतर लगेच हे पाहिल्यावर प्रयोगशाळेत शांतता पसरली होती. पण या दोन गोष्टी मुळातूनच वेगळ्या आहेत. व्हँकोमायसिन जीवाणूच्या भिंतीतल्या साखळीच्या टोकाला, दोन डी-अ‍ॅलॅनिनच्या जोडीला धरतं. प्लँटॅरमच्या भिंतीत त्या टोकाला जन्मजात डी-लॅक्टेट असतं, त्यामुळे औषधाला पकडायला जागाच नाही. हा गुण त्याच्या मूळ गुणसूत्रात, साऱ्या प्रजातीत आहे, तो इतरांना वाटत फिरत नाही. म्हणून युरोपच्या कोष्टकात प्लँटॅरमसमोर व्हँकोमायसिनच्या रकान्यात मर्यादाच दिलेली नाही, तपासणी लागू नाही असं लिहिलेलं असतं.

चकत्यांवर मात्र शेवटचा निकाल देता येत नाही. त्यासाठी औषधाच्या दुपटीदुपटीनं वाढत्या मात्रा घेऊन, कमीत कमी कितीला वाढ थांबते ते पाहतात. माध्यमही वेगळं लागतं, कारण नेहमीच्या एमआरएसमध्ये काही औषधांचा जोर बदलतो. 2010 च्या आंतरराष्ट्रीय मानकात त्यासाठी 90 टक्के आयसो-सेन्सिटेस्ट नावाचं माध्यम आणि 10 टक्के एमआरएस असं मिश्रण सांगितलं आहे. आमच्या स्ट्रेनचे बहुतेक आकडे मर्यादेच्या बरेच खाली आले. अडलं कॅनामायसिनवर. मर्यादा 64 मिलिग्रॅम प्रतिलिटर आणि आमचा आकडा कधी 64, कधी 128.

एका पायरीचा फरक या पद्धतीत चालतो असं म्हणून पुढे जाता आलं असतं. आम्ही जिनोममध्ये शिरलो. प्रतिकाराच्या जनुकांचे जे मोठे संग्रह आहेत त्यांच्याशी सगळा जिनोम ताडून पाहिला, 80 टक्के साम्य आणि 70 टक्के लांबी ही नेहमीची अट लावून, आणि नंतर अट सैल करूनही. कॅनामायसिन निकामी करणाऱ्या विकराचं एकही जनुक निघालं नाही. स्पष्टीकरण साधं आहे. हे औषध पेशीच्या आत ओढून घ्यायला जी श्वसनाची साखळी लागते ती या गटातल्या जीवाणूंत नीट नसतेच, त्यामुळे औषध आत कमी जातं. तो आकडा आम्ही लपवला नाही, खुलाशासह जसाच्या तसा अहवालात ठेवला.

याच संदर्भात रॉयटेरी या जीवाणूची हकिकत मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते. त्याचा एटीसीसी 55730 हा स्ट्रेन बाजारात होता, चांगला चालत होता. नंतर त्याच्यात दोन प्लाझ्मिड सापडले, एकावर टेट्रासायक्लिनच्या आणि दुसऱ्यावर लिंकोमायसिनच्या प्रतिकाराचं जनुक. प्लाझ्मिड म्हणजे सहज हस्तांतरित होऊ शकणारा डीएनए. मग ते दोन्ही काढून टाकून नवा स्ट्रेन तयार केला गेला, डीएसएम 17938, आणि 2008 मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. बाजारात आलेल्या जीवाणूलाही परत तपासणीच्या टेबलावर आणता येतं, आणि आणावं.

इतर चाचण्या भराभर उरकल्या. मेंढीच्या रक्ताच्या आगरवर रक्तपेशी पूर्ण विरघळल्याचं पारदर्शक वलय आलं नाही. वसाहतीखाली हलकी हिरवट झाक होती, ती हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे या गटात येते. जिलेटिन वितळवत नाही, हिस्टामिन-टायरामिनसारखी त्रासदायक रसायनं तयार करत नाही.

लॅक्टिक आम्ल मात्र उरकण्यासारखं नव्हतं. हे आम्ल दोन रूपांत असतं, एल आणि डी. आपलं शरीर एल रूप झटकन वापरतं, डी रूप हळू. प्लँटॅरम दोन्ही तयार करतो. निरोगी मोठ्या माणसाला त्यानं काही होत नाही, पण आतड्याचा मोठा भाग काढलेल्या रुग्णात डी-लॅक्टेट साठून रक्त आम्लधर्मी होऊ शकतं, आणि शिशू आहाराच्या कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात फक्त एल रूप तयार करणाऱ्या जीवाणूंनाच जागा आहे. आमच्याबरोबर काम करणाऱ्या एका उद्योगाला याच जीवाणूचं लहान बाळांसाठी तृणधान्याचं पीठ काढायचं होतं. नाचणी-ज्वारी, आपली परंपरा, बाळाचं पोट, सगळं जाहिरातीला छान जमत होतं. आम्ही नाही म्हटलं. त्या बैठकीत बरीच ओढाताण झाली, पण यावर तडजोड करायला जागा नव्हती.

प्राण्यांवरच्या चाचणीसाठी आधी संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी लागते. उंदरांना 28 दिवस रोज, माणसाच्या मात्रेच्या कित्येक पट जीवाणू दिले. वजन, खाणं, रक्त, यकृताचे विकर सगळं ठीक होतं. माझं लक्ष होतं ते जीवाणू आतड्याची भिंत ओलांडतो का याकडे. शेवटी रक्त, यकृत, प्लीहा आणि आतड्याजवळच्या लसिका ग्रंथी निर्जंतुकपणे काढून, घोटून एमआरएसवर पसरवतात. रक्ताच्या प्लेट कोऱ्या राहिल्या. लसिका ग्रंथीच्या काही प्लेटवर तुरळक पांढऱ्या वसाहती उगवल्या. ज्यांना जीवाणू दिलाच नव्हता त्या उंदरांतही उगवल्या, म्हणून जिवात जीव आला, पण तेवढ्यावर सोडून चालत नाही. प्रत्येक वसाहतीचा डीएनए काढून त्याचा पट्ट्यांचा ठसा आमच्या स्ट्रेनच्या ठशाशेजारी लावला. एकही जुळला नाही. त्या उंदरांच्या आतड्यातलेच नेहमीचे रहिवासी होते.

मग माणसांवरची चाचणी. मानवी नीतिमत्ता समितीत नियमानं एक सामान्य नागरिक असतो, विज्ञानाशी संबंध नसलेला. आमच्या समितीत ते एक निवृत्त शिक्षक होते. डॉक्टर मंडळी नमुन्याच्या संख्येवर बोलत होती आणि यांनी विचारलं, “तुम्ही हे धडधाकट माणसांना देणार. पण डबा तर घरातल्या फ्रीजमध्ये राहणार ना? घरात कुणाची केमो चालू असेल आणि त्यानं घेतलं तर?”

मला तो प्रश्न फार मोलाचा वाटला. नेदरलँड्समधली प्रोपॅट्रिया चाचणी याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवते. स्वादुपिंडाला तीव्र सूज आलेल्या रुग्णांना सहा प्रोबायोटिक स्ट्रेनचं मिश्रण नळीतून थेट लहान आतड्यात दिलं होतं, संसर्ग टाळावा म्हणून. 2008 मध्ये निष्कर्ष आले. प्रोबायोटिक मिळालेल्या 152 पैकी 24 जण दगावले होते, न मिळालेल्या 144 पैकी 9. संसर्ग कमी झालेच नाहीत, उलट 9 रुग्णांच्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला, दुसऱ्या गटात असा एकही नव्हता. निरोगी लोकांत निर्धोक असलेला जीवाणू अत्यवस्थ रुग्णात निर्धोक असेलच असं धरून चालता येत नाही.

त्या शिक्षकांच्या प्रश्नानंतर दोन गोष्टी बदलल्या. प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्यांनी, हृदयाच्या झडपेचा आजार असलेल्यांनी आणि रक्तवाहिनीत कायमची नळी बसवलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, ही सूचना वेष्टनाच्या पुढच्या बाजूला मराठीत मोठ्या अक्षरांत घ्यायची असं ठरलं. आणि अहवालात डॉक्टरांसाठी एक पान वाढलं. कधी काळी हा जीवाणू कुणाच्या रक्तात सापडलाच तर व्हँकोमायसिन चालणार नाही, अँपिसिलिन चालेल, हे त्या पानावर सरळ लिहिलं आहे. अतिदक्षता विभागात व्हँकोमायसिन पटकन सुरू केलं जातं, त्यामुळे ही ओळ हाताशी असायलाच हवी. तोवर ते आकडे मी नियामकासाठी भरत होते. वॉर्डातला डॉक्टरही ते वाचणार हे त्या बैठकीत डोक्यात बसलं.

उत्पादनाचं काम आता सुरू आहे. जीवाणू कितीही निर्दोष ठरला तरी डब्यात त्याच्याबरोबर दुसरं काही शिरलं तर सगळं वाया. 2014 मध्ये अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात अपुऱ्या दिवसांचं एक बाळ दगावलं, कारण त्याला दिलेल्या प्रोबायोटिक भुकटीत राय्झोपस बुरशी होती. त्यामुळे आमच्या प्रत्येक घाण्याची (बॅचची) साल्मोनेला, ई. कोलाय, स्टॅफिलोकॉकस, लिस्टेरिया आणि बुरशीसाठी तपासणी होते आणि प्रत्येक घाण्यातल्या वसाहतींचा डीएनए ठसा संग्रहात जमा केलेल्या मूळ स्ट्रेनशी जुळवला जातो. माणसांवरची चाचणी क्लिनिकल ट्रायल्सच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदवून सुरू झाली आहे. सहभागी मंडळी रोज संध्याकाळी पोट फुगलं का, ताप आला का, शौचाला किती वेळा गेलं हे लिहून ठेवतात, आणि त्या नोंदी दर आठवड्याला एक डॉक्टर वाचतात. त्या डॉक्टरांचा आमच्या प्रकल्पाशी आर्थिक संबंध नाही.